झाड खातं तरी काय?

नववीच्या वर्गात जाऊन एकच प्रश्न विचारून बघावा. झाड काय खातं? पहिल्या बाकावरचा मुलगा उभा राहतो आणि एका दमात सांगतो, ‘वनस्पती प्रकाशसंश्लेषणाच्या साहाय्याने आपले अन्न स्वतः तयार करतात.’ शाब्बास! मग त्याच मुलाला मधल्या सुट्टीत हातपंपापाशी गाठावं आणि विचारावं, ‘काय रे, तुमच्या वावरातली पऱ्हाटी काय खाते?’ तो लगेच म्हणतो, ‘खत खाते, सर. डीएपी, युरिया.’ ही दोन्ही उत्तरं एकाच डोक्यात सुखानं नांदतात. एक परीक्षेसाठी राखून ठेवलेलं असतं आणि दुसरं वावरासाठी. वर्षानुवर्षं दोघांची गाठच पडत नाही. वनस्पतींची वाढ शिकवायची म्हणजे या दोन उत्तरांची गाठ घालून द्यायची, असं मला वाटतं.

आमचा मानोरा तालुका वाशिम जिल्ह्यात, यवतमाळच्या सीमेला लागून आहे. काळी माती, बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर, खरिपात सोयाबीन, तूर आणि कापूस, ओल टिकली तर हरभरा. पोहरादेवीचं तीर्थक्षेत्र याच तालुक्यातलं, त्यामुळे गावांइतकेच तांडेही भरपूर. इथल्या मुलाला झाड दाखवावं लागत नाही. तिफण कशी चालते, डवरा कधी द्यायचा, कोणत्या धुऱ्यावर पाणी तुंबतं, हे त्याला शहरातून आलेल्या गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक असतं. नसतं ते एवढंच, की हे असं का होतं. आणि या ‘का’ची किंमत आमच्याकडे रोख पैशांत मोजावी लागते. बियाण्याची पिशवी, खताचं पोतं, टॉनिकची बाटली, फवारणीची मजुरी, हे सगळं कुणाच्या तरी सांगण्यावरून विकत घेतलं जातं. सांगणारा खरं सांगतो की नाही, हे ओळखायचं साधन घरातल्या शाळकरी पोराच्या दप्तरात असायला काय हरकत आहे?

सुरुवात चुलीपासून करावी. पऱ्हाटीचा एक भारा घरच्या काट्यावर तोलावा. काट्या चांगल्या वाळलेल्या असाव्यात. मग त्या चुलीत जाळाव्यात आणि थंड झालेली राख गोळा करून तीही तोलावी. भारा होता दहा किलोचा आणि राख निघते जेमतेम थाळीभर. मुलांना विचारावं, बाकीचं गेलं कुठे? ‘धूर झाला,’ मुलं म्हणतात. बरोबर आहे. पण मग ते आलं कुठून होतं? मातीतून आलेला भाग, म्हणजे पोटॅश, चुना, स्फुरद, लोह असे क्षार, राखेत शिल्लक राहिला. नत्र तेवढं धुराबरोबर उडून गेलं. पण उरलेला सगळा भारा ज्यातून आला होता, त्याकडेच परत गेला. म्हणजे हवेकडे. वाळलेल्या झाडाच्या वजनात चाळीस ते पंचेचाळीस टक्के निव्वळ कार्बन असतो आणि तो सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. हवेत हा वायू असतो तरी किती? दहा हजार भागांत चार भागांच्या आसपास. एवढ्याशा भांडवलावर झाड उभं राहतं. मला तर यात चमत्कारापेक्षा जास्त काहीतरी वाटतं.

हा प्रयोग उलट्या बाजूनं साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी झालेला आहे. व्हॅन हेलमाँट नावाच्या फ्लेमिश वैद्यानं एका मोठ्या कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती तोलून घातली आणि तीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड, आणि माती कमी झाली होती अवघी दोन औंस. १६४८ साली त्याच्या मृत्यूनंतर हे छापून आलं. झाड माती खात नाही, हे त्यानं सिद्ध केलं. पण त्यावरून झाड नुसत्या पाण्याचं बनतं, असा निष्कर्ष त्यानं काढला आणि तिथे तो चुकला. हवेचा त्याला संशयच आला नाही. पुढे १७७९ मध्ये इंगेनहाऊझनं दाखवलं की झाडाचा हिरवा भाग हवेवर काम करतो आणि तेही उजेडातच. हेलमाँटची ही चूक वर्गात जरूर सांगावी. वजनं अचूक घेऊनही माणूस चुकीच्या निष्कर्षावर कसा पोचतो, हे मुलांना कळलेलं बरं.

मग युरियाचं काय? तो वाया जातो का? मुळीच नाही. घराच्या भिंती हवेतल्या विटांच्या असल्या, तरी कड्या-कोयंडे आणि बिजागऱ्या मातीतूनच आणाव्या लागतात. नत्र नसेल तर हरितद्रव्य बनत नाही आणि हरितद्रव्य नसेल तर भिंत बांधणारा गवंडीच नाही. पण दहा विटांच्या घराला शंभर बिजागऱ्या आणून उपयोग नसतो. ही तुलना मुलं घरी जाऊन बापाला सांगतात, असा अनुभव आहे.

आता उगवणीकडे वळू. या विषयात आमच्या भागासाठी सगळ्यात मोलाचं प्रकरण हेच. २०२० चा खरीप आठवतो? राज्यभरातून सोयाबीन उगवलंच नाही अशा हजारो तक्रारी आल्या होत्या. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, सोयाबीन काढणीला आलं तेव्हाच परतीच्या पावसानं ते भिजवलं होतं आणि त्यातलंच बरंच पुढे बियाणं म्हणून वापरलं गेलं. कंपनी दोषी की पाऊस दोषी की पेरणारा, यावर खूप बोललं गेलं. पण बी म्हणजे काय, हा साधा प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच पडला.

बी म्हणजे दाणा नव्हे. बी म्हणजे शिदोरी बांधून झोपलेलं रोप. ते जिवंत असतं आणि अगदी सावकाश श्वास घेत असतं. सोयाबीनचं बी यात फार नाजूक. त्याचं टरफल पातळ, आणि ज्यातून मूळ निघायचं तो कोंब टरफलाच्या अगदी खालीच बसलेला. मळणीयंत्र जोरात फिरलं, पोतं उंचावरून आपटलं, थप्पी जास्त रचली, की वरून चकचकीत दिसणाऱ्या दाण्याच्या आत कोंब मेलेला असू शकतो. शिवाय तेल भरपूर, म्हणून दमट हवेत ते लवकर खराब होतं. ज्वारीच्या बियाण्याला जे चालतं, ते याला चालत नाही.

वर्गात करायचा प्रयोग अगदी साधा आहे आणि कृषी विभाग तो दरवर्षी सांगतच असतो. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ बी काढून एकत्र करायचं. त्यातले निवड न करता शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट घालायचं, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ती सुकू द्यायची नाही. सातव्या-आठव्या दिवशी उघडून धडधाकट मूळ आणि कोंब असलेलेच मोजायचे. वाकडेतिकडे, कुजके आणि नुसते फुगलेले सोडून द्यायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त आले तर बी पेरणीयोग्य. साठ आले तर एकरी बियाणं त्या प्रमाणात वाढवायचं. फारच कमी आले तर ते विकून टाकायचं, पेरायचं नाही.

यात गुरुजींनी एक पथ्य पाळावं. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा अनेकांची पेरणी उरकलेली असते. म्हणून हा प्रयोग एप्रिलमध्ये, सकाळच्या शाळेत घ्यावा. चाळीस मुलांनी आपापल्या घरचं बी आणलं तर चाळीस घरांच्या बियाण्याचा निकाल पेरणीच्या आधी फळ्यावर लिहिलेला असतो. जूनमध्ये मुलानं तोच प्रयोग घरी पुन्हा करावा, कारण उन्हाळ्यात उगवणशक्ती आणखी उतरते. आणखी एक पथ्य. बाजारातलं औषध लावलेलं, रंगीत बी मुलांच्या हातात देऊ नये. घरचं साधं बीच घ्यावं.

बी श्वास घेतं हेही दाखवता येतं. मोड आलेले हरभरे बाटलीत भरून बूच लावावं आणि रात्रभर ठेवावं. सकाळी त्यातली हवा नळीनं चुन्याच्या निवळीतून सोडली की निवळी दुधी होते. पानवाल्याकडचा चुना चालतो, खर्च शून्य. दुसरा प्रयोग तीन दाण्यांचा. एका पट्टीला वर, मध्ये आणि खाली असे तीन हरभरे बांधायचे आणि ती पट्टी पेल्यात उभी करायची. खालचा दाणा पूर्ण बुडालेला, मधला अर्धा पाण्यात, वरचा कोरडा. चार दिवसांत मधला उगवतो. वरच्याला पाणी नाही. खालच्याला पाणी आहे, पण हवा नाही. आमच्या काळ्या जमिनीत पेरणीनंतर चार दिवस झड लागली आणि सखल भागातलं बी उगवलं नाही, तर ते या खालच्या दाण्यासारखं गुदमरून मेलेलं असतं. वरवर पाहता ‘सडलं’ असं आपण म्हणतो. पण आधी गुदमरतं आणि मग सडतं.

उलट बाजूही सांगायला हवी. सोयाबीनच्या बियाला उगवायला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याएवढं पाणी आत ओढून घ्यावं लागतं. मृगाची एक सर आली आणि घाईनं तिफण जुंपली, तर बी फुगतं, कामाला लागतं, आणि पाऊस दडी मारतो. एकदा जागं झालेलं बी पुन्हा झोपू शकत नाही. म्हणून पाऊण ते एक वीत ओल जाईस्तोवर, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईस्तोवर थांबा, असं सांगतात. हा नुसता सरकारी आकडा नाही. त्या दाण्याची तहान त्यामागे आहे.

सोयाबीन आणि तूर शेजारी-शेजारी काचेच्या पेल्यात पेरून बघावं. सोयाबीनचा दांडा आधी कमान करून वर येतो आणि दोन्ही डाळिंब्या ओढत जमिनीबाहेर आणतो. तूर डाळिंब्या खालीच ठेवते आणि बारीक शेंडा तेवढा वर पाठवते. पेरणीनंतर जोरदार सर येऊन लगेच ऊन पडलं की काळ्या मातीवर पापुद्रा धरतो. अशा वेळी तूर कशीबशी फट काढून निघते आणि सोयाबीनची मान मोडते. बी खोल पडलं तरी हेच होतं. तीन-चार सेंटिमीटर ही खोली कुणी उगीच ठरवलेली नाही. सारखा पाऊस, सारखी माती आणि एकाच तिफणीनं पेरलेली दोन पिकं. एक उगवलं, दुसरं नाही, याचं कारण पेल्यात दिसतं.

उजेडाचा धडा शिकवायला तर आमच्याकडे प्रयोगशाळा बांधायचीच गरज नाही. नवरात्रात घरोघरी घट बसतो. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, मातीत पेरलेलं धान नऊ दिवसांत वीतभर वाढतं, पिवळंधमक आणि लुसलुशीत. त्याआधी श्रावणात तांड्यांवर तीज असते. अविवाहित मुली दुरडीत माती आणि शेणखत घालून गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमाराला तीज बोळवतात. बंजारा मुलींना गव्हाची उगवण शिकवायला निघालेल्या गुरुजींनी आधी त्यांच्याकडूनच चार गोष्टी शिकून घ्याव्यात. गहू किती वेळ भिजवायचा, पाणी किती घालायचं, कुठली दुरडी मागे का पडली, हे त्यांना चांगलं कळतं.

त्या तीजेच्या दुरडीला प्रयोगासाठी हात लावायचा नाही, ती देवाची आहे. तिच्यासारख्या दोन दुरड्या शाळेत पेराव्यात. एक उजेडात आणि एक पेटाऱ्यात झाकून. दहा दिवसांनी मुलांना विचारावं, जास्त कोण वाढलं? सगळी मुलं झाकलेल्या दुरडीकडे बोट दाखवतील, कारण ती उंच असते. आता खरी गंमत. पेरायच्या आधी शंभर दाण्यांचं वजन सोनाराच्या काट्यावर करून ठेवलेलं असावं. झाकलेल्या दुरडीतली शंभर रोपं मुळांसकट धुऊन, कडक उन्हात चांगली वाळवून त्याच काट्यावर ठेवावीत. वजन दाण्यांपेक्षा कमी भरतं! वीतभर उंच झालेलं रोप मूळच्या दाण्यापेक्षा हलकं. उंची वाढली ती पाण्यानं आणि शिदोरी मोडून. कमाई काहीच झाली नाही. अंधारात सापडलेलं रोप हरितद्रव्य बनवण्यात वेळ घालवत नाही. होतं नव्हतं ते उजेड गाठण्यासाठी उंचीवर खर्च करतं. ‘वाढ’ या शब्दाचे दोन अर्थ, लांब होणं आणि भरणं, मुलांना इथे कळतात. दाट पेरलेलं सोयाबीन कमरेएवढं का होतं आणि शेंगा मात्र का धरत नाही, हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ऑगस्टमध्ये, पेरणीला चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले की सोयाबीनचं एखादं झाड खुरप्यानं मुळाभोवतीच्या मातीसकट अलगद काढावं. उपटू नये, गाठी तुटतात. मुळं पाण्यात धुतली की मण्यांसारख्या गाठी दिसतात. गाठ नखानं फोडावी. आत गुलाबी-लाल असेल तर ती हवेतलं नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर काम चालू झालेलं नाही किंवा संपलेलं आहे. ती लाली आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातल्या द्रव्याची असते. ‘झाडात रक्त?’ असं म्हणत मुलं ती गाठ एकमेकांना दाखवत सुटतात. मग सांगावं की आतल्या जिवाणूंना प्राणवायू मोजूनमापून हवा असतो, आणि हे द्रव्य तो मोजून देतं. भरपूर युरिया दिला की झाड या जिवाणूंना पोसायचं कमी करतं, गाठी कमी धरतात. फुकटचा नोकर काढून पगारी ठेवण्यातला हा प्रकार. मुलांनी दोन धुऱ्यांमधली पाच-पाच झाडं काढून नुसत्या गाठी मोजल्या, तरी ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसते.

पाण्याबद्दल सगळी पुस्तकं फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधायचा प्रयोग सांगतात, तो करावाच. तासाभरात पिशवीत थेंब जमतात. पण त्यापेक्षा वावरातली एक गोष्ट जास्त शिकवते. भर दुपारी पऱ्हाटी मान टाकते आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होते. याचा अर्थ जमिनीत पाणी नाही असा नव्हे. पानांतून जाणारं पाणी मुळांच्या पुरवठ्यापेक्षा तेवढ्यापुरतं जास्त झालं, एवढंच. खरी काळजी सकाळी मान टाकलेली दिसली तर. आणि बऱ्याच उघडिपीनंतर एकदम मोठा पाऊस झाला, पाणी साचलं आणि झाडं पटापट मलूल झाली, तर तो आकस्मिक मर. चहूकडे पाणी असताना झाड सुकतं, कारण गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. पाणी ओढायलाही मुळांना श्वास लागतो. हे माहीत नसलेला माणूस सुकलेलं झाड पाहून आणखी पाणी देतो. रुंद वरंबा-सरीवर पेरणी करा, असं सांगतात त्यामागेही मुळांची हवाच आहे.

आंतरप्रवाही कीटकनाशकांचं नावही याच प्रकरणात समजून घ्यावं. पानावर पडलेलं औषध झाडाच्या रसात शिरतं, म्हणून पानाखाली लपलेला मावाही मरतो. जे झाडाच्या अंगात मुरतं ते माणसाच्या कातडीतूनही शिरू शकतं, हे त्याच तासाला सांगून टाकावं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले. ते ज्या घरांतले होते, तशाच घरांतली मुलं आपल्यासमोर बाकांवर बसलेली असतात.

सोयाबीनला शास्त्राच्या इतिहासातही मानाचं पान आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघांनी ‘बिलॉक्सी’ नावाचं सोयाबीन काही दिवसांच्या अंतरानं, पुन्हा पुन्हा पेरलं. मे महिन्यात पेरलेलं आणि जुलैत पेरलेलं, दोन्ही फुलावर आलं ते सप्टेंबरच्याच सुमाराला! वय वेगवेगळं, उंची वेगवेगळी, पण फुलं एकाच वेळी. तापमान, ओल आणि खत असं सगळं तपासून शेवटी कारण सापडलं ते दिवसाच्या लांबीत. १९२० साली हे प्रसिद्ध झालं. पुढे कळलं की झाड खरं तर दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. सलग काळोखाची ठरावीक लांबी मिळाली की पानांतून शेंड्याकडे निरोप जातो, आता फुलायचं. आमच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या आसपास. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, पण तेवढा झाडाला पुरतो. उशिरा पेरलेली तूर बुटकीच राहून फुलावर येते, त्याचं मूळ इथे आहे. तिला वाढायला वेळ मिळाला नाही, पण रात्र तिच्यासाठी थांबत नाही. मुलांनी दिनदर्शिकेतून सूर्योदय-सूर्यास्त टिपावेत, शाळेच्या कुंपणालगत दर पंधरा दिवसांनी तुरीच्या दहा बिया टोचाव्यात आणि पहिल्या फुलाची तारीख लिहून ठेवावी. रस्त्यावर मोठे दिवे लागलेल्या गावांत आणखी एक निरीक्षण करता येतं. दिव्याच्या उजेडातलं सोयाबीन बाकीच्यापेक्षा उशिरापर्यंत हिरवं राहतं, असं परदेशात नोंदलेलं आहे. आपल्याकडेही बघायला हवं.

मूळ खाली आणि शेंडा वर का जातो, हा पुस्तकातला धडा मुलांना बहुधा येतो. बरणीच्या काचेला ओल्या टिपकागदानं चिकटवलेला हरभरा उलटा-सुलटा फिरवत राहिलं की काम भागतं. त्यात जास्त वेळ घालवू नये. त्याऐवजी तुरीचे शेंडे का खुडतात, ते विचारावं. शेळीनं शेंडा खाल्लेल्या झाडाला जास्त फांद्या फुटतात, हे तांड्यावरच्या पोरांनी पाहिलेलं असतं. शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की धाक गेला, डोळे फुटतात, फांद्या वाढतात आणि शेंगांना जागा वाढते. दोन झाडांचे शेंडे खुडून आणि दोन तशीच ठेवून फांद्या मोजल्या की झालं.

संप्रेरकं लागतात किती? दहा लाख भागांत काही भाग, एवढी कमी. जास्त झाली तर तेच द्रव्य झाडाला मारक ठरतं. काही तणनाशकं याच तत्त्वावर चालतात. मुलाला एवढं कळलं, की दुकानातली रंगीत टॉनिकची बाटली तो वेगळ्या नजरेनं बघतो. यात नेमकं काय आहे? किती आहे? हे सोयाबीनला कोणत्या वयात द्यायचं? वर्षानुवर्षं या बाजारावर फारसं नियंत्रण नव्हतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आणली. पण बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणारं घरात कुणी हवं ना!

या प्रकारचं शिक्षण महाराष्ट्रात अगदी नवं नाही. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवलेले श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि द्राक्ष बागाइतदारांना पान म्हणजे काय, ऊन म्हणजे काय, हे शिकवलं. एका घडाला किती पानांचं पोषण हवं, याचा हिशेब शेतकरी स्वतः मांडू लागले, एकमेकांना पत्रं लिहून कळवू लागले. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक गावच्या वाचनालयात असायलाच हवं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळकरी मुलांच्या हातांना काम देऊन शिकवण्याची रीत घालून दिली. आमच्या भागाला तर अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळ आहे. दोघांच्याही पद्धतीत महागडं असं काहीच नाही. सोनाराचा काटा, गोणपाट, चुना आणि वही. वही मात्र प्रत्येकाची वेगळी हवी, आणि तीत तारीख.

जाता जाता एक प्रयोग सांगतो, पावसाळ्यात कुठल्याही मुलाला करता येईल असा. मुलं नेहमी विचारतात, ‘सर, झाड रात्री झोपतं का?’ धुऱ्यावरचा टाकळा दिवेलागणीला पानं मिटून घेतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. अंधार पडला म्हणून मिटतो, असं आपण धरून चालतो. द मेराँ नावाच्या फ्रेंच माणसानं १७२९ मध्ये लाजाळूसारखं झाड चोवीस तास अंधारात ठेवून पाहिलं. सकाळ झाली तशी त्याची पानं अंधारातच उघडली. टाकळ्याचं एक रोप मातीसकट डब्यात लावावं, दोन दिवस रुळू द्यावं आणि मग संध्याकाळी उजेड शिरणार नाही अशा पेटीखाली झाकावं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पेटी हळूच उचलून बघायची, आणि त्याच दिवशी रात्री आठला पुन्हा. दोन्ही वेळा पानं कशी होती, ते लिहून ठेवायचं. पेटी मध्येच उघडून डोकावणारा एखादा मुलगा वर्गात असतोच. त्याचं रोप वेगळं ठेवावं.